सई परांजपे सगळ्यांना माहिती आहेत, पण ‘कुंकू’मध्ये झळकलेल्या त्यांच्या आईची गोष्ट त्याहून भारी आहे

‘चश्मे बद्दूर’मधला तो सीन तुम्ही पिक्चर पाहिला नसला तरी रीलमध्ये नक्की पाहिला असेल. दीप्ती नवल दारोदार ‘चमको’ पावडर विकत फिरतेय, फारुख शेख दार उघडतो, आणि बादलीतल्या फेसाच्या साक्षीनं दोघांचं जमतं. १९८१ चा हा पिक्चर लिहिला आणि दिग्दर्शित केला तो सई परांजपेंनी. ‘स्पर्श’, ‘कथा’, ‘दिशा’, ‘साज’ हेही त्यांचेच.

सईंबद्दल लिहिताना बहुतेक ठिकाणी एक ओळ येते. “त्यांच्या आई शकुंतला परांजपे या अभिनेत्री, लेखिका आणि समाजसेविका होत्या.” पूर्णविराम. पुढचा मुद्दा.

आज आपण त्या एका ओळीवर थांबणार आहोत. कारण ती ओळ जिच्याबद्दल आहे ती बाई केंब्रिजला गणित शिकली, जिनिव्हात नोकरी केली, रशियन चित्रकाराशी लग्न केलं, प्रभातच्या सिनेमात दिसली, कादंबरी लिहिली, नाटकं लिहिली आणि पुण्यात बायकांना गर्भनिरोधनाची माहिती दिली. तीही अशा काळात, जेव्हा हा विषय घरात नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नव्हते. पुढे ती राज्यसभेत गेली. आणि तिथे तिनं एक असं विधेयक मांडलं, जे आज वाचताना आपल्याला चांगलाच धक्का बसतो. त्याबद्दलही बोलू.

गणितवाल्यांचं घर

शकुंतलाबाईंचा जन्म १७ जानेवारी १९०६ चा. वडील म्हणजे रँग्लर परांजपे.

आता रँग्लर हे काही त्यांचं नाव नव्हे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मूळचे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जे पहिल्या वर्गात येत त्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यातल्या पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. १८९९ साली परांजपे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. गोऱ्या साहेबाला त्याच्याच देशात, त्याच्याच परीक्षेत मागे टाकणारा कोकणातला पोरगा! तेव्हाच्या महाराष्ट्रात याचं केवढं कौतुक झालं असेल याचा अंदाज करा. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते रँग्लर परांजपेच.

विचारांनी माणूस पक्का बुद्धिवादी. देव, कर्मकांड, मुहूर्त या भानगडीत न पडणारा. शकुंतला ही त्यांची एकुलती एक मुलगी.

या घराचं दुसऱ्या एका घराशी नातं होतं, ते म्हणजे कर्व्यांचं घर. महर्षी धोंडो केशव कर्वे हे रँग्लर परांजप्यांचे नातलग, आणि फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे, हेसुद्धा गणिताचेच प्राध्यापक. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

शकुंतला पुण्यात हुजूरपागेत शिकायला होती. तिथे तिची एक मैत्रीण झाली, इरावती करमरकर. वडील ब्रह्मदेशात नोकरीला, त्यामुळे लहानग्या इरावतीला शिक्षणासाठी पुण्याला पाठवलेलं. दोघींची गट्टी अशी जमली की शकुंतलेच्या आईनं इरावतीला आपल्याच घरी आणलं आणि ती परांजप्यांकडेच लहानाची मोठी झाली. ही इरावती पुढे महर्षी कर्व्यांची सून झाली. हो, त्याच. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे. गौरी देशपांडे आणि जाई निंबकर या त्यांच्या दोन लेकीही लेखिका. म्हणजे पुण्यातल्या या एका गोतावळ्यातून किती पुस्तकं निघाली ते मोजायला बसलं तर वेगळा लेख होईल.

बाप पहिला आला त्याच परीक्षेला मुलगी बसली

फर्ग्युसननंतर शकुंतलाबाई इंग्लंडला गेल्या. केंब्रिजचं न्यूनम कॉलेज, विषय गणित. १९२९ साली त्यांनी गणिताची ट्रायपॉस पूर्ण केली. वडिलांनी ३० वर्षांपूर्वी गाजवलेली तीच परीक्षा.

पण इथे एक गोम आहे. वडिलांना केंब्रिजची पदवी मिळाली होती. मुलीला मिळालं ते नावापुरतं प्रमाणपत्र. कारण केंब्रिज तेव्हा बायकांना वर्गात बसू देत होतं, परीक्षा देऊ देत होतं, पण विद्यापीठाची पूर्ण सदस्य म्हणून पदवी देत नव्हतं. ती सोय व्हायला १९४८ साल उजाडलं. म्हणजे भारत स्वतंत्र झाला, त्यानंतर केंब्रिजमधल्या बायकांना पदवी मिळाली.

त्यानंतर शकुंतलाबाईंनी लंडनमधून शिक्षणशास्त्राचा डिप्लोमा केला आणि १९३० च्या दशकात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली सुरू झालेली ही संघटना कामगारांचे हक्क, कामाचे तास, बालमजुरी असे प्रश्न हाताळायची.

युरोपातल्या या वास्तव्यात त्यांची ओळख युरा स्लेप्ट्सॉफ या रशियन तरुणाशी झाली. जलरंगात काम करणारा चित्रकार, आणि एका रशियन जनरलचा मुलगा. दोघांनी लग्न केलं. १९ मार्च १९३८ रोजी लखनौमध्ये सईचा जन्म झाला, कारण आजोबा तेव्हा लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण लग्न टिकलं नाही. थोड्याच काळात दोघं विभक्त झाले आणि सई आईकडे, आजोबांच्या घरी वाढली. आडनावही आईचंच लागलं, परांजपे.

आज ‘सिंगल मदर’ हा शब्द आपण सहज वापरतो. १९३८ मध्ये हे प्रकरण काय असेल याचा एकच अंदाज देते. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रियांना घटस्फोट घेता यावा यासाठीचा कायदा झाला तो १९४७ साली. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. शकुंतलाबाईंचं लग्न परदेशी माणसाशी झालेलं, त्यामुळे त्यांची कायदेशीर बाजू वेगळी होती. पण आजूबाजूचा समाज हाच होता. नवऱ्याला सोडून लेकीला घेऊन बापाच्या घरी राहणारी बाई, आणि वर ती लेक अर्धी रशियन.

आणि मग ‘कुंकू’

सईचा जन्म व्हायच्या काही महिने आधी, १९३७ साली, प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ पडद्यावर आला. त्यात शकुंतलाबाई होत्या.

‘कुंकू’ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. नीरा नावाच्या अनाथ मुलीला तिचा मामा फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. आता इथपर्यंतची गोष्ट मराठी माणसाला नवी नव्हती. देवलांचं ‘शारदा’ नाटक येऊन तेव्हा जवळपास ४० वर्षं झाली होती. पण शारदा रडते, आणि नीरा नडते. ती म्हाताऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही. त्याचा वाह्यात मुलगा तिच्यावर लाइन मारायला येतो तर त्याला छडीनं बडवते. शांता आपटेंनी ही नीरा अशी काही उभी केलीय की आजही बघताना अंगावर काटा येतो. (या शांता आपटे खऱ्या आयुष्यातही तशाच. १९३९ मध्ये कराराच्या भांडणावरून त्या चक्क प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या.) केशवराव दाते म्हाताऱ्याच्या भूमिकेत. सिनेमात पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, घरातली भांडी. हिंदीत हाच सिनेमा ‘दुनिया न माने’ या नावानं बनला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

यात शकुंतलाबाई आहेत त्या म्हाताऱ्याच्या मुलीच्या भूमिकेत. वयानं सावत्र आईपेक्षा मोठी, शिकलेली, समाजकार्य करणारी. घरात येते, बघते, बापाला सुनावते आणि नीरेच्या बाजूनं उभी राहते.

भूमिका मोठी नाही. पण तिला सिनेमात एक काम आहे. नीरेचा सगळा झगडा एकटीचा आहे, तिच्याकडे राग आहे पण त्या रागाला शब्द नाहीत. ही मुलगी आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगतं की तू चूक नाहीस. आणि हे सांगणारी बाई पडद्याबाहेरही तशीच आहे, हे तेव्हाच्या पुणेकर प्रेक्षकाला माहिती होतं. रँग्लर परांजप्यांची केंब्रिजला शिकलेली मुलगी सिनेमात काम करते, ही तेव्हा बातमीच असणार. घरंदाज बायका सिनेमात येऊ लागल्या होत्या. दुर्गा खोटेंनी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ केला होता. पण अजूनही भल्या घरातल्या मुलीनं ‘नटी’ होणं म्हणजे नाक मुरडण्याचाच विषय होता.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी ‘कुंकू’ पुन्हा बघितला, खास शकुंतलाबाईंसाठी. खरं सांगू का? अभिनय म्हणून त्या शांता आपटे किंवा केशवराव दात्यांच्या जवळपासही नाहीत. त्या अभिनय करतच नाहीत असं वाटतं. सभेत बोलावं तसं बोलतात. आणि तेच त्या भूमिकेला शोभून दिसतं.

त्या काळात त्यांनी मोजकेच सिनेमे केले. अभिनय हे त्यांचं करिअर कधीच नव्हतं. पण त्यांच्या नावापुढे ‘अभिनेत्री’ लागलं ते या एका सिनेमामुळे कायमचं लागलं. जाता जाता सांगते, ‘कुंकू’ जिथे शूट झाला त्या पुण्यातल्या प्रभात स्टुडिओच्या जागेवरच पुढे एफटीआयआय उभी राहिली.

पुण्यात बसून गर्भनिरोधनावर बोलणारी बाई

१९३८ साली शकुंतलाबाईंनी जे काम हातात घेतलं ते त्यांनी पुढची २० वर्षं सोडलं नाही. ते काम म्हणजे संततिनियमन.

इथे र. धों. कर्वे येतात. रधोंनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी गेली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत. त्यात लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, गर्भनिरोधक साधनं यावर अगदी स्पष्ट मराठीत लेख असायचे. परिणामी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ बघितला असेल तर ही सगळी गोष्ट तुम्हाला माहिती असेल.

तेव्हा वातावरण काय होतं? गांधीजी कृत्रिम साधनांच्या विरोधात होते. अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर १९३५ च्या शेवटी भारतात आल्या, वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या, पण दोघांचं जमलं नाही. गांधीजींचं म्हणणं, संयम हाच उपाय. सनातन्यांना तर हा विषयच पाप. डॉक्टर मंडळीही चार हात लांब. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला अजून २० वर्षांहून जास्त वेळ होता. जी काही साधनं होती ती महाग, परदेशातून येणारी आणि वापरायला शिकवावी लागणारी.

आणि शिकवणार कोण? रधो कितीही तळमळीनं लिहोत, सात बाळंतपणं झालेली पुण्यातली बाई एका पुरुषासमोर बसून डायाफ्राम कसा बसवायचा हे विचारणार आहे का? इथे शकुंतलाबाईंसारखी बाई असणं म्हणजे काय, ते लक्षात येतं. बाई बाईशी बोलू शकते. आणि ती बाई रँग्लर परांजप्यांची मुलगी असली तर लोक निदान तिला दारातून हाकलत तरी नाहीत.

‘पाळणा लांबवायचा की थांबवायचा?’ हे त्यांचं याच विषयावरचं पुस्तक. नाव बघा. आज कुठल्या सरकारी मोहिमेला इतकं चांगलं नाव सुचत नाही. दोन मुलांत अंतर ठेवायचं की आता पुरे म्हणायचं, हा सगळा प्रश्न पाळण्यावर आणून ठेवलाय, आणि प्रश्नचिन्ह लावून निर्णय वाचणाऱ्या बाईवर सोडलाय.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असं करणारा भारत जगातला पहिला देश. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला र. धों. कर्वे गेले. ज्या कामासाठी त्यांची नोकरी गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ते काम आता देशाचं धोरण झालं होतं.

कादंबरी, नाटकं आणि ऑस्ट्रेलिया

या सगळ्यात त्या लिहीतही होत्या. ‘घरचा मालक’ ही कादंबरी, ‘चढाओढ’, ‘सोयरीक’, ‘पांघरलेली कातडी’ ही नाटकं. ‘भिल्लिणीची बोरे’, ‘काही आंबट काही गोड’, ‘माझी प्रेतयात्रा’ हे ललित लेखन. मुलांसाठी ‘देशविदेशीच्या लोककथा’. मराठीबरोबर इंग्रजीतही लिहायच्या.

‘माझी प्रेतयात्रा’ हे नाव वाचून मी क्षणभर थांबले. स्वतःच्या मरणावर असं शीर्षक देणारी लेखिका तेव्हा किती होत्या? पुण्यात प्रेतयात्रा हा गंभीर विषय आहे हो!

१९४४ मध्ये रँग्लर परांजपे भारताचे ऑस्ट्रेलियातले हायकमिशनर म्हणून कॅनबेराला गेले. सोबत शकुंतलाबाई आणि छोटी सई. तेव्हाचं कॅनबेरा म्हणजे राजधानी असली तरी एक छोटंसं गाव. तीन वर्षं तिथे काढून परत आल्यावर शकुंतलाबाईंनी इंग्रजीत ‘थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया’ हे पुस्तक लिहिलं, १९५१ साली ते आलं. भारतीय बाईनं ऑस्ट्रेलियाबद्दल लिहिलेलं, तेही त्या काळात, जेव्हा तिथे ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण चालू होतं आणि गोरे नसलेल्यांना तिथे स्थायिक व्हायला जवळपास बंदीच होती.

सईचं पहिलं पुस्तक ‘मुलांचा मेवा’ हेही याच काळातलं. परीकथांचं. लेखिकेचं वय आठ वर्षं. आईनं लेकीला खेळण्याबागडण्याबरोबर लिहायलाही लावलं, आणि लेकीनं लिहिलेलं नुसतं फ्रिजवर चिकटवण्याऐवजी (फ्रिज तेव्हा कुणाकडे होता म्हणा) थेट छापून आणलं. सई परांजपेंच्या ‘सय’ या आत्मकथनात ही आई सगळीकडे आहे. कडक, हुशार, लेकीकडून प्रचंड अपेक्षा ठेवणारी. एकट्या बाईनं एकट्या मुलीला वाढवताना किती ताण असतो आणि तो कुणावर निघतो, हेही त्यात दिसतं. आईची आरती त्यांनी केलेली नाही, आणि म्हणून ते वाचावंसं वाटतं.

राज्यसभेतलं ते विधेयक

१९५८ ते १९६४ शकुंतलाबाई विधान परिषदेत होत्या. १९६४ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केलं, १९७० पर्यंत त्या खासदार होत्या. साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा यातल्या १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. सचिन आणि रेखा यांच्यामुळे आपल्याला हा कोटा माहिती असतो. शकुंतलाबाई त्यातल्या चारपैकी निदान तीन खणांत बसत होत्या.

आणि आता तो भाग. १९६४ मध्येच त्यांनी राज्यसभेत एक खासगी विधेयक आणलं. त्याचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर साधारण असं होतं: ‘अपात्रांची नसबंदी विधेयक’. म्हणजे जे लोक मूल जन्माला घालायला ‘अयोग्य’ आहेत त्यांची नसबंदी.

कोण अयोग्य, हे कोण ठरवणार?

या विचाराला सुप्रजननशास्त्र म्हणतात. ‘चांगल्या’ माणसांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, आजारी, मतिमंद, अपंग ठरवलेल्यांनी घालू नयेत, असा त्याचा गाभा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा विचार जगभरातल्या सुधारकांमध्ये, डॉक्टरांमध्ये, शास्त्रज्ञांमध्ये मुरलेला होता. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत असे कायदे होते. नाझी जर्मनीनं त्याचं काय केलं ते सगळ्यांना माहिती आहे. संततिनियमनाच्या चळवळीलाही हा विचार पहिल्यापासून चिकटलेला होता. मार्गारेट सँगरपासून सगळीकडे तो सापडतो.

पण “तेव्हा सगळेच तसा विचार करायचे” असं म्हणून मला हे सोडून द्यावंसं वाटत नाही. कारण १९६४ हे काही १९२४ नव्हे. जर्मनीत काय झालं हे तोवर जगानं पाहिलं होतं. आणि शकुंतलाबाई म्हणजे काही साधी बाई नव्हे. मूल कधी, किती आणि व्हायचं की नाही हे बाईनं ठरवावं म्हणून जिनं २० वर्षं घातली, तिनंच काही माणसांच्या बाबतीत हे सरकारनं ठरवावं असं म्हटलं. पाळणा लांबवायचा की थांबवायचा, या प्रश्नातलं प्रश्नचिन्ह इथे गायब झालं.

खासगी विधेयकांचं बहुतेकदा होतं तेच याचंही झालं, त्याचा कायदा झाला नाही. पण ‘लोकसंख्येसाठी थोडी सक्ती चालेल’ हा विचार संपला नाही. १२ वर्षांनी आणीबाणीत तो देशानं अनुभवला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या किती खरोखर मर्जीनं झाल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही करून टाकलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्या सगळ्याला शकुंतलाबाईंना जबाबदार धरायचं काही कारण नाही. पण त्यांच्यावर लिहिताना लोक हा भाग गाळतात, आणि मग उरते ती नुसती फोटोफ्रेममधली थोर समाजसेविका.

मग हे ‘फिल्मी घराणं’ कसं झालं?

गंमत म्हणजे गणित, राजकारण, संततिनियमन यात रमलेल्या या घरातून पुढे निघाले ते सिनेमावाले.

सई नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाला गेल्या, मग दूरदर्शन, बालचित्रपट, आणि १९८० चा ‘स्पर्श’. अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि एका विधवेची ही प्रेमकथा. ‘कुंकू’मधल्या नीरेला पुढचं आयुष्य काय मिळालं असतं, या प्रश्नाच्या हा सिनेमा कुठेतरी जवळून जातो असं मला वाटतं, भले सईंच्या डोक्यात ते नसेल. ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ अशी नाटकंही त्यांनी केली. त्यांचे पती अरुण जोगळेकर रंगभूमीवरचे कलावंत. मुलगा गौतम जोगळेकर हाही दिग्दर्शक. नाना पाटेकरचा भुत्या आठवतोय? तो ‘पक पक पकाऽऽक’ गौतमचा.

शकुंतलाबाईंना कुटुंबनियोजनातल्या कामासाठी १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या, आणि काम सुरू करून ५३ वर्षं झाली होती. २००६ मध्ये सईंनाही पद्मभूषण मिळालं. ते बघायला आई नव्हती. ३ मे २००० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी शकुंतलाबाई गेल्या.

२००३ मध्ये ‘ये है चक्कड बक्कड बुंबे बो’ नावाचा एक हिंदी बालचित्रपट आला. तो शकुंतलाबाईंच्या मराठी गोष्टीवर बेतलेला होता. ‘कुंकू’नंतर ६६ वर्षांनी सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव परत आलं, यावेळी लेखिका म्हणून.